आखूड पायांचा गुराखी

मागून डिवचलं की गाय लाथ झाडते. ती कशी येते हे एकदा खाल्लेल्याला सांगावं लागत नाही. पाय आधी पुढे उचलला जातो, बाजूला फाकतो आणि मग सपकन मागे येतो. मधे जे सापडेल ते उडतं. वेल्सच्या पश्चिमेला, पेम्ब्रोकशर आणि कार्डिगनशर या दोन परगण्यांत, शेतकऱ्यांनी गुरं हाकायला पिढ्यान् पिढ्या जो कुत्रा ठेवला त्याची खांद्यापर्यंतची उंची 25 ते 30 सेंटिमीटर. तो गाईच्या टाचेला निसटता चावा घेतो आणि त्याच दमात जमिनीला चिकटतो. लाथ डोक्यावरून निघून जाते. गाय चार पावलं पुढे सरकते. कुत्रा उठतो, दोनदा भुंकतो आणि शेजारच्या गाईच्या टाचेकडे वळतो.

हा कॉर्गी. आज त्याचं नाव घेतलं की बकिंगहॅम राजवाड्याचे गालिचे आठवतात, नाही तर मोबाईलवरच्या चित्रफितींत डुलत जाणारा त्याचा गुबगुबीत मागचा भाग. मला मात्र त्याच्याकडे बघताना पहिल्यांदा ती लाथ दिसते. ते आखूड पाय, तो अंगाच्या मानानं फार मोठा आवाज, टाच धरायची ती खोड आणि कुणी ना कुणी आपल्या राखणीत आहे असं धरून चालण्याचा हट्ट, हे सगळं गुरांमागे घडलेलं आहे. गुरं गेली, माळरानं गेली, आणि हा सगळा ऐवज कुत्र्याच्या अंगात तसाच राहिला.

नावापासून सुरुवात करू. वेल्श भाषेत 'कोर' म्हणजे बुटका आणि 'की' म्हणजे कुत्रा. दोन शब्द जोडताना 'की'चा 'गी' होतो. आपल्या संधीत 'वाक्'चा 'वाग्' होऊन वागीश तयार होतो, तसंच काहीसं. वेल्समध्ये अनेकवचन 'कोर्गून' असं होतं.

वेल्समध्ये गुराख्याच्या कुत्र्याला किती मान होता याचा एक सुरेख पुरावा आहे. दहाव्या शतकातला राजा हवेल दा, म्हणजे भला हवेल, याच्या नावानं ओळखले जाणारे वेल्श कायदे तेराव्या शतकापासूनच्या हस्तलिखितांत आपल्यापर्यंत आले आहेत. त्यांत माणसापासून मांजरापर्यंत सगळ्यांची किंमत ठरवून दिलेली आहे. मांजराचं पिल्लू डोळे उघडेपर्यंत 1 पेनी, उंदीर मारेपर्यंत 2, उंदीर मारायला लागलं की 4. आणि जो कुत्रा सकाळी गुरांच्या पुढे निघतो आणि संध्याकाळी गुरांच्या मागून घरी येतो, त्याची किंमत एका बैलाइतकी. सकाळी पुढे, कारण वाटेत काही असेल तर आधी त्याला कळावं. संध्याकाळी मागे, कारण एकही जनावर मागं राहू नये. राखणीचं अख्खं शास्त्र त्या एका कलमात आहे. जातीच्या माहितीपुस्तकांत हा उतारा कॉर्गीच्या प्राचीनपणाचा दाखला म्हणून छापतात. ते मला पटत नाही. तो कुत्रा बुटका होता की उंच, याबद्दल कायदा काही बोलत नाही. पण हे काम आणि कामाची ही किंमत त्या भूमीत इतकी जुनी आहे, एवढं त्यातून नक्की कळतं.

मूळ कुठलं, याच्या तीन कथा सांगितल्या जातात. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडचा राजा पहिला हेन्री यानं फ्लँडर्सच्या लोकांना दक्षिण पेम्ब्रोकशरमध्ये आणून वसवलं. ही इतिहासातली पक्की गोष्ट. त्या लोकांबरोबर त्यांचे टोकदार कानांचे कुत्रे आले आणि त्यांचा पेम्ब्रोक, म्हणजे कॉर्गीच्या दोन जातींपैकी पेम्ब्रोकशरचा, झाला, हे मात्र अनुमान. दुसरी कथा व्हायकिंगांची. स्वीडनमध्ये व्हालहुंड नावाचा गुरं राखणारा कुत्रा आहे. त्याला पेम्ब्रोकशेजारी उभा केला तर दोघं मावसभाऊ वाटावेत. कुणी म्हणतं व्हायकिंगांनी तो वेल्सला आणला, कुणी म्हणतं वेल्सचा तिकडे नेला. तिसरी कथा पऱ्यांची. रानात पऱ्यांनी दोन मुलांना कुत्र्याची दोन पिल्लं दिली. पऱ्या त्यांच्यावर बसून फिरत, म्हणून खांद्यामागे अजून खोगिराची खूण दिसते. पाठीवरचे केस त्या जागी वेगळ्या पोताचे असतात, तेव्हा खूण खरीच आहे. कथा मात्र आज सांगतात त्या रूपात 1946 सालच्या एका इंग्रजी कवितेमुळे पसरली. ती लिहिणाऱ्या ॲन बिडलकोम स्वतः कॉर्गी पाळणाऱ्या होत्या.

2009 साली या सगळ्याला वेगळीच बाजू मिळाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय जीनोम संस्थेत इलेन ऑस्ट्रँडर यांच्या गटानं आखूड पायांच्या कुत्र्यांचा जनुकीय अभ्यास केला. डॅक्सहुंड, बॅसेट, कॉर्गी या सगळ्यांत एकच बदल सापडला. हाडांच्या वाढीशी संबंध असलेल्या एका जनुकाची जास्तीची नक्कल गुणसूत्रावर भलत्याच ठिकाणी जाऊन बसलेली होती. या एका नकलेमुळे पायाच्या लांब हाडांच्या टोकाशी असलेली वाढीची कूर्चा लवकर हाड होऊन बसते. धड पूर्ण वाढतं, छाती भरते, डोकं नेहमीएवढं होतं आणि पाय तेवढे थांबतात. हा बदल कुत्र्यांच्या इतिहासात एकदाच झाला आणि तिथून पसरला, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे आजच्या जाती वेगळ्या होण्याच्या फार आधी कुठल्या तरी गावात एक बुटकं पिल्लू जन्मलं, कुणी तरी ते टाकून दिलं नाही, आणि बिळात शिरायला किंवा लाथ चुकवायला हे शरीर बरं, हे वेगवेगळ्या ठिकाणी माणसांच्या लक्षात आलं. मला ही चौथी कथा पऱ्यांच्या कथेपेक्षा सुंदर वाटते.

कार्डिगनशरच्या डोंगराळ भागातल्या जुन्या कुत्र्यांची हकीकत डब्ल्यू. लॉइड-थॉमस यांनी 1930च्या दशकात लिहून ठेवली. ती वाचली तेव्हा कॉर्गीबद्दलची माझी समजूतच उलटी झाली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, तिथल्या शेतकऱ्याला घराभोवतीच्या थोड्याशा तुकड्यालाच कुंपण घालता यायचं. बाकी सगळी सरकारी जमीन मोकळी, आपल्या गायरानासारखी. तिच्यावर चरायचा हक्क सगळ्यांचाच, तेव्हा ज्याची गुरं जास्त पसरतील त्याचं फावणार. मग शेतकरी दारात उभा राहून शेजाऱ्याच्या गुरांकडे बोट करायचा, शीळ घालायचा आणि त्याचा कॉर्गी टाचा चावत चावत ती गुरं दूर पळवून लावायचा. आपल्याकडे कुत्रा गुरं वळतो असं आपण म्हणतो. हा गुरं उधळायचा. घराचा चरायचा पसारा किती, हे त्या आखूड पायांच्या धावेवर ठरायचं. शीळ ऐकू येईल तिथवर काम चालायचं, आणि दूर गेलेल्या कुत्र्याला परत बोलवायची शीळ वेगळी असायची. या कुत्र्याला तिकडे 'यार्डभर कुत्रा' म्हणत, कारण नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत त्याची लांबी एक वेल्श यार्ड, नेहमीच्या यार्डाहून थोडी जास्त, भरली पाहिजे असा दंडक होता.

म्हणजे हा कुत्रा मालकाच्या पायाशी घुटमळणारा नव्हता. त्याला दुरून सोडलं जायचं आणि मोठ्या जनावरांच्या गर्दीत काय करायचं ते त्याचं त्यानं ठरवायचं. आजच्या कॉर्गीला आज्ञा दिली की तो क्षणभर थांबून विचार करताना दिसतो. ते थांबणं मला त्या माळावरून आलेलं वाटतं.

वेल्सच्या गुरांची दुसरी मोठी कहाणी हेड्यांची. आपल्या बैलबाजारांत जसे हेडी, तसे तिथे पोर्थमिन. ट्रेगॅरनसारख्या गावी गुरं गोळा करायची आणि डोंगर ओलांडून इंग्लंडच्या बाजारांत, थेट लंडनच्या स्मिथफील्डपर्यंत, 300हून अधिक किलोमीटर चालवत न्यायची. निघण्याआधी गुरांना पत्र्या ठोकत. खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन, एका जनावराला आठ. हंससुद्धा चालत जात, त्यांचे पाय आधी डांबरात आणि मग वाळूत बुडवून घट्ट केलेले. कळप गावाजवळ आला की हेडी 'हाइपट्रो हो' अशी आरोळी ठोकत. ती ऐकली की वाटेवरचे शेतकरी आपली गुरं घाईनं आत घेत, नाही तर तीही कळपाबरोबर लंडनला निघायची. एवढा पैसा रस्त्यानं आणायचा धोका मोठा, म्हणून डेव्हिड जोन्स नावाच्या हेड्यानं 1799 साली लँडव्हरीला बँक काढली. तिच्या नोटांवर काळा बैल. 'काळ्या बैलाची बँक' म्हणून ती 1909पर्यंत चालली आणि मग लॉइड्स बँकेनं घेतली. या प्रवासांत टाचा चावणारे बुटके कुत्रे असत. माल विकला गेल्यावर हेडी मागे रेंगाळत आणि कुत्रे आले त्याच वाटेनं, त्याच खानावळींत थांबत, एकटे घरी पोचत, असं वेल्समध्ये सांगतात. ते किती खरं आणि किती चुलीजवळ वाढलेलं हे ठरवायची मला घाई नाही.

हे सगळं एका माणसाच्या आयुष्यात संपलं. आगगाडी 1852ला कारमार्थनला आणि 1864ला ॲबरिस्टविथला पोचली; गुरं डब्यात चढली. पाठोपाठ कार्डिगनशरच्या मोकळ्या जमिनी वाटल्या गेल्या आणि कुंपणं आली. शेजाऱ्याची गुरं पळवायची म्हटली तरी आता मधे तार. डोंगरावर मेंढ्या वाढल्या, आणि मेंढीला मागून भुंकणारा कुत्रा चालत नाही. तिच्यासमोर दबकत जाणारा, नुसत्या नजरेनं तिला वळवणारा कॉली लागतो. मेंढपाळ कुत्र्यांची ब्रिटनमधली पहिली जाहीर स्पर्धा 1873 साली भरली ती वेल्समध्येच, बाला गावी, आणि ती जिंकली एका स्कॉटिश माणसाच्या कुत्र्यानं. कॉर्गीच्या देशात कॉलीचा जमाना सुरू झाला होता. कार्डिगनशरचे जुने कॉर्गी विरळ होत गेले, उरलेल्यांत दुसऱ्या कुत्र्यांचं रक्त मिसळलं.

मग आली प्रदर्शनं. 1925ला कारमार्थनला वेल्श कॉर्गी क्लब निघाला, त्यात पेम्ब्रोकशरची माणसं जास्त. पुढच्याच वर्षी कार्डिगनवाल्यांनी आपला वेगळा क्लब काढला. ब्रिटनमध्ये जातींची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लबनं दोन्ही प्रकार एकाच नावाखाली घेतले. एका वर्षी पंचांना टोकदार कानांचे आवडत, दुसऱ्या वर्षी गोल कानांचे, आणि भांडणं काही मिटेनात. शेवटी 1934 साली दोन जाती वेगळ्या झाल्या. कार्डिगन थोडा लांब आणि भारी, कान मोठे नि टोकाशी गोलसर, शेपूट कोल्ह्यासारखी झुपकेदार. पेम्ब्रोक आटोपशीर, तोंड कोल्ह्यासारखं, शेपूट आखूड. ही आखूड शेपूट काहींत जन्मजात असते. त्या जनुकाची एक प्रत आली तर शेपूट तोकडी होते, दोन्ही बाजूंनी आली तर पिल्लू जन्मापर्यंत टिकतच नाही. बाकीच्यांची लहानपणी कापली जायची. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2007 सालापासून निव्वळ रूपासाठी शेपूट कापायला बंदी आहे, त्यामुळे तिथले नवे पेम्ब्रोक लांब शेपट्या हलवत फिरतात. मला ते फार आवडतं. त्या कुत्र्याच्या मनातलं आता निम्मं तरी बाहेरून वाचता येतं.

राजघराण्याची गोष्ट सगळ्यांना थोडीफार ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. 1933 साली ड्यूक ऑफ यॉर्कनं, म्हणजे पुढच्या सहाव्या जॉर्जनं, मुलींसाठी थेल्मा ग्रे यांच्या रोझाव्हेल कुत्राघरातून एक पेम्ब्रोक घेतला. तो डूकी. 1944मध्ये अठराव्या वाढदिवसाला त्यांतल्या एलिझाबेथला, म्हणजे पुढच्या राणीला, सुझन ही कॉर्गी मिळाली. 1947ला लग्नानंतरच्या सहलीलाही ती बरोबर गेली. 1959च्या जानेवारीत ती सँड्रिंगहॅमला पुरली गेली, तोवर तिचा वंश सुरू झाला होता. राणीनं तो 14 पिढ्या चालवला. त्या वंशातली शेवटची विलो 2018च्या एप्रिलमध्ये गेली. या गोष्टीत मला जास्त जवळचा वाटतो तो डूकीचा आणि सुझनचा स्वभाव. डूकी पाहुण्यांना चावायचा. सुझननं राजवाड्यातल्या घड्याळांना किल्ली देणाऱ्या माणसाचा पाय धरला होता. 1991 साली आपल्या कुत्र्यांचं भांडण सोडवताना खुद्द राणीच्या हाताला चावा बसून टाके पडले. वर्तमानपत्रांनी या सगळ्याला लाडावलेल्या कुत्र्यांचे चाळे ठरवलं. एक माणूस रोज ठरलेल्या वेळी दिवाणखान्यातून लगबगीनं चालत जातो, त्याच्या टाचा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर आहेत, आणि कुत्र्याच्या कित्येक पिढ्या हलत्या टाचेकडे बघण्यात गेल्या आहेत. त्यानं दुसरं काय करावं?

पुण्यात आमच्या सोसायटीत एक पेम्ब्रोक आहे. संध्याकाळी खाली मुलं खेळतात तेव्हा तो आधी कडेला बसून बघतो. मुलं पांगली की उठतो, मोठा वळसा घालून सगळ्यांत दूरच्या मुलाच्या मागे जातो आणि त्याच्या टाचेजवळ भुंकतो. मूल दचकून बाकीच्यांकडे पळतं. मग दुसऱ्या मुलाकडे. दहा मिनिटांत सगळी मुलं घसरगुंडीभोवती गोळा, आणि हा पुन्हा कडेला. एकदा एका मुलीच्या मोज्याला दात लागले. ओरखडाही नव्हता, पण तक्रार झाली, आणि तक्रार होणं रास्तच होतं. घरच्यांनी त्याला रागावण्याऐवजी काम दिलं. आता तो रोज लपवलेल्या वस्तू शोधतो, चेंडू एकेक करून टोपलीत आणून टाकतो, आणि मुलांजवळ असताना पट्ट्याला असतो. महिन्याभरात भुंकणं निम्म्यावर आलं. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी 1994 साली कामातल्या हुशारीनुसार जातींची क्रमवारी लावली, तीत पेम्ब्रोक 11वा आणि कार्डिगन 26वा आहे. एवढ्या हुशार जनावराला दिवसभर सोफ्यावर नुसतं बसवून ठेवलं तर तो स्वतःच काही तरी उद्योग काढणार. कार्डिगन जरा संथ, नव्या माणसाला लांबून जोखणारा. पेम्ब्रोक आधी धावत येतो आणि मग जोखतो. दोघंही खाण्याला अजिबात नाही म्हणत नाहीत. दोघांच्याही अंगावर दुहेरी केस, आतली लोकर दाट. वेल्सच्या पावसाळी माळासाठी ते ठीक, पण पुण्याच्या मे महिन्यात त्याला दुपारी बाहेर काढणं हा छळ आहे, आणि हे मी मनापासून सांगतो.

आता त्या पायांची किंमत. लांब पाठ आणि आखूड पाय या बेताची दुसरी बाजू मणक्यात असते. पायांच्या त्या जनुकाचीच आणखी एक नक्कल कुत्र्यांत दुसऱ्या गुणसूत्रावर सापडली. 2017 साली डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की ती मणक्यांमधल्या गाद्या अकाली कडक करते. पेम्ब्रोकमध्ये ती फार आढळते. अशी गादी सरकली की मज्जारज्जूवर दाब येतो. म्हणून वजन वाढू द्यायचं नाही, पलंगावरून उडी मारू द्यायची नाही, उचलताना पुढे छातीखाली आणि मागे कमरेखाली दोन्ही हात.

दुसरा आजार अधिक दुःखाचा. कुत्रा आठ-दहा वर्षांचा होतो, आणि एक दिवस चालताना मागची नखं फरशीवर घासल्याचा आवाज येतो. दुखत काही नसतं. हळूहळू मागचं धड डोलायला लागतं आणि मग पाय उठेनासे होतात. 2009 साली मिसूरी विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं मूळ एका जनुकातल्या बदलात दाखवलं. त्याच जनुकातल्या बदलांमुळे माणसांना एएलएस हा स्नायूंची ताकद हिरावून घेणारा आजार होतो. अभ्यासल्या गेलेल्या पहिल्या काही जातींत पेम्ब्रोक होता. म्हणजे या कुत्र्यांचं दुखणं समजून घेताना माणसाच्या दुखण्याचाही अभ्यास होतो आहे. इलाज नाही. रक्ताच्या किंवा लाळेच्या तपासणीतून जोड्या नीट निवडता येतात, आणि ज्यांना आजार झालाच त्यांच्यासाठी मागे दोन चाकांची हलकी गाडी बांधतात. गाडी बांधलेला कॉर्गी पहिल्यांदा चालतो तो क्षण मी चित्रफितीत पाहिला आहे. दोन पावलं चाचपून झाल्यावर तो पहिलं काम करतो ते घरातल्या दुसऱ्या कुत्र्याच्या मागे जाण्याचं.

संख्येच्या बाबतीत या जातीनं फार हेलकावे खाल्ले. 1960च्या सुमाराला ब्रिटनमध्ये वर्षाला जवळजवळ 9,000 पेम्ब्रोक पिल्लांची नोंद होत होती. 2014 साली ती 274वर आली. 300च्या खाली गेलेल्या देशी जातींना केनेल क्लब धोक्यातल्या यादीत टाकतो. राणीची जात त्या यादीत गेली. मग राजघराण्यावरची 'द क्राउन' ही मालिका आली, मागणी वाढली आणि 2018पर्यंत पेम्ब्रोक यादीतून बाहेरही पडला. कार्डिगनच्या वाट्याला कधी राजवाडाही आला नाही आणि मालिकाही नाही. दोघांतला जो जुना समजला जातो, ज्याच्या धावेवर गायरानाच्या हद्दी ठरत, तोच कमी लोकांना माहीत आहे. पडद्यावर पाहून घेतलेल्या पिल्लांची मला भीती वाटते. ज्यांना रूप आवडलं त्यांना आवाज आणि टाच आधी कुणी सांगितलेली नसते.

अमेरिकन केनेल क्लब गुरं राखणाऱ्या जातींसाठी चाचण्या घेतो, त्यात कॉर्गीही असतो. मेंढ्या, गाई किंवा बदकं कुंपणात सोडतात आणि कुत्र्याला आत आणतात. त्यातल्या कित्येकांनी तोवर गाय पाहिलेली नसते. त्यांच्या आईनं पाहिलेली नसते, आजीनंही नाही. काही घाबरतात, काही गवत हुंगत बसतात. पण काही जण मिनिटभर उभे राहतात, कान पुढे टवकारतात आणि मग कुणी काही न शिकवता कळपाला मोठा वळसा घालून मागच्या बाजूला जातात.